आर्डिसची बॅटरी आणि तिसरं विचारणं

आर्डिस क्वामीला माझ्या दुकानात कॉफी पाजायची तर तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा विचारलं की म्हणते, "नको, घरून पिऊन निघालेय." दुसऱ्यांदा विचारलं की म्हणते, "माझ्यासाठी उगीच आधण कशाला ठेवतोस?" तिसऱ्यांदा विचारलं की हातमोजे काढते, स्टूल पुढे ओढते आणि म्हणते, "बरं, आता एवढा आग्रह करतोस तर अर्धा कप." मग दोन कप पिते. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून हे असंच चालू आहे.

यात तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या नॉरहेम गावात सगळेच असे. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा आमच्याकडे हावरा ठरतो आणि तिसऱ्याला 'नको' म्हणणारा उर्मट. तिसऱ्यांदा 'नको' म्हटलेलं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या आतेभावाला कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून त्यानं एक म्हातारा घोडा घरी आणला होता. त्याच्याकडे तबेला सोडा, कुंपणसुद्धा नव्हतं.

माझं दुकान तळ्याच्या काठावर आहे. गळ, दोऱ्या, आमिषाचे जिवंत छोटे मासे आणि गारठलेल्या लोकांना कॉफी, एवढाच माल. आर्डिस माझी शेजारीण. उभा जन्म तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. गावातल्या निम्म्या लोकांच्या ताटात तिनं कधी ना कधी वाढलेलं आहे, त्यामुळे शेरीफसुद्धा तिच्यासमोर आला की टोपी काढतो आणि हात धुतलेत का ते मनातल्या मनात आठवून पाहतो. नवरा गेला, नोकरी संपली, मुलगा लायल फार्गो शहरात स्थायिक झाला, आणि मग बाईनं बर्फातली मासेमारी मनावर घेतली. तसे मासे आम्ही सगळेच धरतो. पण आम्ही मासे मिळाले की घरी येतो. आर्डिस मासे मिळाले की आणखी आत जाते.

आमच्या तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात ते गोठलं की लोक आपापल्या लाकडी झोपड्या ओढत आत नेतात, गिरमिटानं बर्फाला भोक पाडतात आणि शेगडीशेजारी गळ सोडून बसतात. वाट चुकू नये म्हणून नाताळ उरकल्यावर घराघरातली टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं आम्ही काठापासून ओळीनं बर्फात रोवतो. कुठल्या झाडावर कुणाच्या घरची चमकी उरली आहे हे ओळखणं हा आमचा फेब्रुवारीतला करमणुकीचा कार्यक्रम. आर्डिसची झोपडी अर्थातच शेवटच्या झाडाच्याही पलीकडे. तिथं ती जाते एटीव्हीवर. चार जाडजूड चाकांची गाडी, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायचं आणि हँडल धरून हाकायची. वय वर्षे चौऱ्याहत्तर, पण टांग अशी टाकते की बघणाऱ्याची कंबर धरावी.

मागच्या हिवाळ्यात वारा सुटला, पडलेला बर्फ पुन्हा उडाला, आणि आभाळ कुठं संपतं नि तळं कुठं सुरू होतं ते कळेनासं झालं. आर्डिस स्वतःच्याच चाकांच्या खुणा बघत गोल गोल फिरत राहिली. पश्चिमेच्या काठावर एका अनोळखी शेतकऱ्याच्या गोठ्याला तिची गाडी थडकली तेव्हा आम्ही अर्धं गाव तिला शोधत होतो.

"हरवले नव्हते," ती मला म्हणाली. "लांबच्या वाटेनं आले."

लायल धावत आला. मुलगा चांगला आहे, बोलायला जरा कोरडा आहे, पण इथं ओला कोण आहे? त्यानं विचारलं, "आई, फार्गोला आमच्याकडे राहायला येतेस का? खालची खोली रिकामीच आहे." आर्डिस म्हणाली, "नको रे, तुमची अडचण कशाला." हे झालं पहिलं विचारणं.

या नाताळात तो जीपीएसचं यंत्र घेऊन आला. तळहाताएवढं, आपण कुठं आहोत आणि घर कुठल्या बाजूला ते पडद्यावर दाखवणारं. ते हातात देता देता त्यानं पुन्हा विचारलं. आर्डिस म्हणाली, "सूनबाईला विचार आधी, तिला किती काम पडेल." हे झालं दुसरं.

"ठीक आहे," लायल म्हणाला. "हे यंत्र चालू असेल तरच तळ्यावर जायचं. आणि पुन्हा एकदा का तू हरवलीस, तर मी येऊन विचारणार."

काय विचारणार ते सांगायची गरज नव्हती. आम्ही तिघंही आर्डिसच्या स्वयंपाकघरात उभे होतो आणि तिघांनाही माहीत होतं की तिसऱ्यांदा 'नको' म्हणायला या गावात कुणाचंच तोंड वळत नाही.

मग सुरू झाली त्या यंत्राला वीज पुरवायची शर्थ. आतले सेल थंडीत काठावरून निघेपर्यंतच जीव सोडायचे. आर्डिस जादाचे सेल पोलक्यात छातीशी ठेवू लागली, पण ते बदलायला भर बर्फात पाच बटणं सोडायची म्हणजे न्युमोनियाला आवतण. गाडीला एक वीज घ्यायचं भोक असतं, त्यात तिनं वायर खुपसून पाहिली. खडबडीत बर्फावर गाडी उडाली की वायरही उडायची. मग तिनं वायरी थेट गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी लावल्या आणि घरी आल्यावर यंत्र बंद करायला विसरली. सकाळी गाडीची बॅटरी ठार. मी मदत केली असती, पण मी वायरीला हात लावला की धूर निघतो हे आर्डिसनं एकदा पाहिलंय, तेव्हा तिनं मला गाडी ठेवायच्या गोठ्याबाहेरच उभं केलं.

गावात एक माणूस होता ज्याला हे काम डाव्या हातानं जमलं असतं. एफ्राईन. टेक्सासच्या पार तळातून बायकोच्या नोकरीपायी इकडे आलेला, आणि बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्यात त्यानं गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. त्यानं पेट्रोल पंपावर आर्डिसच्या गाडीवरच्या लोंबत्या वायरी पाहिल्या आणि त्यांच्याकडे थोरल्या बायांना म्हणतात तसं 'मिस' लावून म्हणाला, "मिस आर्डिस, हे मी नीट करून देऊ का? कॉफी पिऊन होईपर्यंत होईल."

"छे छे, तुझी कामं खोळंबतील," आर्डिस म्हणाली.

"बरं," एफ्राईन म्हणाला आणि निघून गेला.

आर्डिस तरातरा माझ्या दुकानात आली. गाल लाल, थंडीनं नव्हे, रागानं.

"रॉली, त्यानं एकदाच विचारलं!"

"मग?"

"मग काय! मी 'नको' म्हटलं आणि तो गेला. चक्क गेला! असं कुणी करतं? कुणी वाढवलंय या पोराला?"

"मग तू जा आणि सांग त्याला, की कर बाबा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चर्चमध्ये शिट्टी मारायला सांगितलं होतं. मागायचं? तोंडानं? ते तिच्या आईनं शिकवलं नव्हतं आणि आजीनंही नाही.

तेव्हा बाईनं स्वतःच तोडगा काढला, आणि तो असा की फक्त शाळेच्या स्वयंपाकिणीलाच सुचावा. मासे दाखवणाऱ्या यंत्राची एक वेगळी छोटी बॅटरी तिच्याकडे होतीच. बॅटरी थंडीनं मरते; म्हणजे तिला गरम ठेवली पाहिजे; आणि गरम वस्तू गरम कशी ठेवायची हे आर्डिसला कोण शिकवणार? आमच्याकडे चर्चला, मयताच्या घरी, बारशाला, कुठंही जायचं तर बाया हॉटडिश घेऊन जातात. खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. ते भांडं न्यायला गोधडीसारखी जाड शिवलेली पिशवी असते. आर्डिसनं त्या पिशवीत बॅटरी ठेवली, शेजारी मोज्यात घालून दोन उकडलेले बटाटे ठेवले, चेनमधून वायर बाहेर काढून जीपीएसला जोडली आणि पिशवी दोरीनं गाडीच्या पुढच्या जाळीवर आवळली. यंत्र दिवसभर चाललं. दुपारी ती बटाटे मीठ लावून खायची. मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. शाळेच्या जेवणघराचे नारिंगी पडदे काढले तेव्हा तिनं त्या कापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या आणि गावभर वाटल्या होत्या. तिच्या स्वतःच्या घरी दोन होत्या. हुबेहूब सारख्या.

चर्चची वार्षिक सभा असते त्या रविवारी आर्डिस हॉटडिश पाठवते, स्वतः जात नाही. छपराच्या दुरुस्तीवरची चर्चा तिनं आयुष्यात पुरेशी ऐकली, असं तिचं म्हणणं. त्या रविवारीही ती अंधार असतानाच तळ्यावर निघून गेली आणि आपल्या ओसरीच्या बाकावर माझ्यासाठी पिशवी ठेवून गेली. मी उचलली. जड होती, कोमट होती, आणखी काय पाहायचं? एफ्राईनलाही मी सभेच्या जेवणाला बोलावलं होतं. तो पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला होता. तरी सवयीनं मी आणखी दोनदा विचारलं आणि तो बिचारा दर वेळी हो म्हणत राहिला.

पाद्र्यांनी डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. आम्ही 'आमेन' म्हटलं. मी आर्डिसची पिशवी उघडली. आत बॅटरी, गुंडाळलेली वायर, आणि मोज्यात दोन बटाटे.

पहिल्यांदा हशा झाला. कुणीतरी म्हणालं, आर्डिसनं या वर्षी मीठ जरा जास्तच टाकलंय. मग एफ्राईन खिडकीकडे बघून म्हणाला, "मिस आर्डिस कुठं आहेत?" आणि हशा थांबला, कारण खिडकीबाहेरचं कबरस्तान दिसेनासं झालं होतं. वारा सुटला होता.

मी फोन लावला. तळ्यावर फोन लागला तर लागतो. लागला.

"आर्डिस, कुठं आहेस?"

"झोपडीत. रॉली, काय नेलंस रे तू चर्चला?"

"तुझी बॅटरी. पाद्र्यांनी तिच्यावर प्रार्थना म्हटली."

"अगं बाई!" मग जरा थांबून, "माझ्याकडे हॉटडिश आहे. येताना वाट पाठ होती, म्हणून वायर जोडलीच नव्हती. यंत्र बंद आहे."

"न्यायला येऊ का?"

"नको नको. शेगडी आहे, खायला आहे. वीस माणसांचं आहे."

"अगं, वारा वाढतोय. येऊ का?"

"सभा सोडून कशाला? तुमचं गोड खायचं राहील."

"आर्डिस," मी म्हटलं, आणि फोन मेला.

एफ्राईन माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाल्या?"

"दोनदा नको म्हणाली."

"म्हणजे नको."

"बाबा रे," मी म्हटलं, "दोनदा नको म्हणजे बोलणं अजून अर्ध्यावरच आहे. ऊठ, टोपी घाल."

झोपड्या ओढायला माझी एक रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी आहे, तिच्यात बसून आम्ही निघालो. एफ्राईननं बॅटरीची पिशवी मांडीवर घेतली होती, लेकरू धरावं तशी. एक झाड दिसेनासं व्हायच्या आत दुसरं शोधायचं, असं आम्ही सरकत होतो. शेवटच्या झाडाशी मी गाडी थांबवली. त्यापुढे नुसता पांढरा अंधार. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. आर्डिसची वाटलीच, माझीही वाटली.

तेवढ्यात एफ्राईननं दार उघडून कान बाहेर काढला. "ऐका."

ठण्, ठण्, ठण्. लांबून, वाऱ्यात मोडत मोडत. मी आवाज ओळखला. या गावात वाढलेलं कुठलंही पोर ओळखेल. जेवणाची सुट्टी झाली की आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डावानं झाकण बडवायची. दोनदा 'नको' म्हणालेली बाई झोपडीच्या दारात उभी राहून हॉटडिशचं झाकण बडवत होती.

आम्ही त्या आवाजावर गेलो. झोपडीची भिंत अचानक नाकासमोर आली. आर्डिसनं दार उघडलं, भुवया बर्फानं पांढऱ्या. एफ्राईन तिच्यासमोर उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मिस आर्डिस, न्यायला येऊ का?"

"आता आलाच आहात तर," आर्डिस म्हणाली. "आधी जेवा."

जेवलो. वारा बाहेर झोपडी हलवत होता आणि आम्ही शेगडीभोवती बसून हॉटडिश खात होतो. आर्डिस स्वतः खात नव्हती. भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत होती.

"लायलला कळेल ना रे हे?" तिनं विचारलं.

"चर्चमध्ये साठ माणसं होती, आर्डिस. त्याला एव्हाना कळलंय."

"बर्फाची भीती नव्हती वाटली मला," ती म्हणाली. "शेगडी पेटत होती. मी जागची हलले नाही, मागच्यासारखा वेडेपणा केला नाही. पण सारखं मनात येत होतं, आता तो येईल, तिसऱ्यांदा विचारेल, आणि मी हो म्हणेन. त्या खालच्या खोलीला खिडकी आहे, पण ती शेजाऱ्याच्या गॅरेजवर उघडते. मी तिथं मरून जाईन, रॉली."

इतकी वर्षं ओळखतो, पण असं उघडं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर भरलेली ताटली सरकवली.

"मग नाही म्हणा," एफ्राईन म्हणाला.

"तिसऱ्यांदा नाही म्हणत नाहीत, बाळा."

"आमच्याकडे म्हणतात. माझी आई तर पहिल्यांदाच म्हणते. मग त्यालाच जेवायला वाढते. राग कुणालाच येत नाही."

"तुमच्याकडे ऊन असतं," आर्डिस म्हणाली, जणू तेच कारण असावं.

वारा पडल्यावर आम्ही तिला आणि तिच्या गाडीला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या गोठ्यात एटीव्हीवरचा बर्फ झाडत होतो, तेव्हा एफ्राईन हत्यारांची पेटी घेऊन आला. आत पाऊल टाकण्याआधीच एका दमात म्हणाला, "मिस आर्डिस, वायरिंग करून देऊ का? करून देऊ का? करून देऊ का?"

आर्डिसनं तोंड उघडलं, मिटलं. "आता एवढं म्हणतोसच तर," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पॅनकेक करायला आत पळाली.

त्यानं सीट काढली, गाडीच्या बॅटरीपासून वायर घेतली, मधे फ्यूज टाकला, ती किल्लीच्या खटक्यातून फिरवली आणि यंत्र हँडलवर पक्कं बसवलं. किल्ली फिरवली की पडदा उजळायचा, बंद केली की विझायचा. विसरायला जागाच नाही. त्याची कॉफी खरंच अजून गरम होती.

पॅनकेक संपायच्या आत लायलची गाडी दारात लागली. रात्रीची झोप झालेली दिसत नव्हती. आईला त्यानं मिठी मारली, आमच्याकडे ती पण तीन वर्षांतून एकदा, आणि मग तो काही न बोलता गोठ्यात गेला. किल्ली फिरवून पडदा पाहिला, वायर ओढून पाहिली, पुन्हा किल्ली फिरवली. आम्ही तिघं दारात उभे. मला वाटलं, झालं, निभावलं. पण तो वळला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो विचारणार आहे.

"आई, तू हरवली नव्हतीस हे मला मान्य आहे. पण काल रात्री मी फोन हातात धरून बसलो होतो. परत तसं बसायची माझी तयारी नाही." त्यानं घसा खाकरला. "फार्गोला येतेस का?"

तिसरं विचारणं झालं होतं. मी जमिनीकडे बघू लागलो. एफ्राईन मात्र सरळ आर्डिसकडे बघत होता.

आर्डिसनं एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते, तरी बराच वेळ पुसले.

"नाही," ती म्हणाली.

नुसतं 'नाही'. अडचण नको म्हणून नाही, सुनेला काम पडेल म्हणून नाही. आणि ती तिथंच थांबली नाही. "नाही, लायल. मला यायचं नाहीये. मला तिथं आवडणार नाही. मला इथंच राहायचंय आणि तळ्यावर जायचंय. तुला काळजी वाटते ते मला कळतं, आणि मला ते आवडतं. पण मी येणार नाही."

लायलचं तोंड आईनं कानाखाली मारल्यासारखं झालं होतं. हळूहळू त्याचे कान लाल झाले. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसे. मला आठवतंय, मी त्याला पहिला गळ बांधून दिलाय.

"तू ये," आर्डिस म्हणाली. "शनिवारी. वॉलआय मासे लागतायत. मी कुठं जाते, कशी येते, ते बघ तरी एकदा. येतोस?"

"हो," लायल म्हणाला.

आर्डिस दचकली. तिनं दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं डोळे पुसले, एप्रन झटकला आणि मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मेल्या, लाज नाही वाटत? एकदा तरी नको म्हणायचं होतंस."